मागे फिरणारे घड्याळ : ‘द लास्ट एक्स्प्रेस’च्या अपयशाचा शोध

१

१९९३ साली सोलापुरात मी एका खासगी संगणक वर्गात डीटीपी शिकत होतो. शेवटच्या अर्ध्या तासात सर खेळायला परवानगी देत, आणि खेळ एकच असे : ‘प्रिन्स’. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे पूर्ण नाव पडद्यावर दिसत असूनही ते कुणी उच्चारत नसे. तळघरात अडकलेला पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण, वजिराच्या कैदेतली राजकन्या आणि तिला सोडवायला ६० मिनिटांची मुदत. पहिला टप्पा ओलांडला की खेळ छापील पुस्तिकेतल्या एखाद्या शब्दाचे पहिले अक्षर विचारी. पुस्तिका आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती, कारण खेळ कुणी विकत घेतलेलाच नव्हता. उत्तरांच्या यादीची झेरॉक्स भिंतीला चिकटवलेली असे. खेळ करणाऱ्याचे नाव सुरुवातीलाच येई : जॉर्डन मेकनर. त्याला आमच्याकडून एक पैसाही पोचलेला नव्हता.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, टाळेबंदीच्या काळात, याच माणसाचा दुसरा एक खेळ माझ्या हाती आला. १९९७ च्या वसंतात तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. समीक्षकांनी वाखाणला आणि बाजारात सपशेल पडला. त्याचे नाव ‘द लास्ट एक्स्प्रेस’. या खेपेला मी पैसे भरून खेळलो. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग वही-पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा. संगणकशास्त्राची किंवा इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. प्रेसमध्ये जुळणीची कामे करता करता जे वाचले तेवढीच माझी शिदोरी. पण या खेळाने मला एका प्रश्नापाशी आणून सोडले आणि तो प्रश्न साहित्याच्या वाचकांचाही आहे, म्हणून हा लेख.

चांगली कलाकृती पडते तेव्हा ती का पडते? आपल्याकडे याचे उत्तर तयार असते : ती काळाच्या पुढे होती, बाजार आंधळा होता. माझेही उत्तर बरीच वर्षे हेच होते, आणि त्याला एक खासगी कारण होते. गिरणगावातल्या चाळींवर मी एक छोटे पुस्तक लिहिले होते. प्रकाशकाने दुकान बंद केले आणि उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. तेव्हापासून पडलेल्या प्रत्येक पुस्तकाची बाजू मी डोळे मिटून घेत आलो. ‘लास्ट एक्स्प्रेस’ने मला डोळे उघडून पाहायला लावले.

२

आधी खेळ काय आहे ते सांगायला हवे.

२४ जुलै १९१४ ची संध्याकाळ. पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला जाणारी ओरिएंट एक्स्प्रेस सुटली आहे. सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या होऊन महिनाही झालेला नाही. आदल्याच दिवशी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला ४८ तासांचे निर्वाणीचे पत्र दिले आहे. पोलीस मागावर असलेला रॉबर्ट कॅथ हा तरुण अमेरिकन डॉक्टर धावत्या गाडीत चढतो. टायलर व्हिटनी या मित्राने त्याला बोलावलेले असते. तो डब्यात शिरतो तर मित्राचा खून झालेला. कॅथ मित्राचेच नाव घेऊन गाडीत वावरू लागतो. हा कॅथ म्हणजे खेळणारे आपण.

हळूहळू कळत जाते की व्हिटनी एका व्यवहारातला मध्यस्थ होता. रत्नजडित ‘फायरबर्ड’ द्यायचा, त्याच्या बदल्यात सोने घ्यायचे आणि त्या सोन्यातून सर्बियन क्रांतिकारकांसाठी जर्मन शस्त्रे विकत घ्यायची. शस्त्रे विकणारा उद्योगपती श्मिट गाडीत आहे, सर्बियन टोळी आहे, आना वोल्फ ही ऑस्ट्रियन व्हायोलिनवादक आहे, वृद्ध रशियन सरदार आणि त्याची नात तात्याना आहे, तिचा बालपणीचा मित्र असलेला अराजकवादी अलेक्सेई आहे. असे म्हणता येईल की युरोपच त्या चार-पाच डब्यांत कोंबला आहे.

नुसत्या कथानकात नवल नाही. रेल्वेतल्या खुनाची गोष्ट अगाथा ख्रिस्तीने १९३४ मध्येच याच गाडीवर लिहिली होती. नवल आहे ते वेळेच्या वापरात. बहुतेक खेळांत जग तुमच्यासाठी थांबून असते. तुम्ही खोलीत शिरलात की तिथले पात्र बोलू लागते. इथे कुणी कुणासाठी थांबत नाही. घड्याळ खऱ्याच्या सुमारे सहापट वेगाने चालू असते आणि तीसेक पात्रे आपापल्या कामांनी, आपापल्या वेळी उठतात, जेवतात, भांडतात, कुजबुजतात. तुम्ही जेवणाच्या डब्यात तात्यानाचे आजोबांशी बोलणे ऐकत असता, तेव्हा शयनयानाच्या बोळात दुसरेच काही घडून गेलेले असते. ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

भाषांचेही तसेच. पात्रे आपापल्या भाषांत बोलतात. कॅथला कळणाऱ्या भाषेचा अर्थ पडद्याच्या तळाशी इंग्रजीत उमटतो. सर्बियन मंडळी आपसांत बोलू लागली की तळाशी काहीच उमटत नाही, नुसता आवाज ऐकायचा. सोलापूरच्या माणसाला हा अनुभव शिकवावा लागत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाकावर बसलेल्या पॅसेंजर गाडीत मी वाढलो. शब्द न कळता भांडण कळते, आणि शब्द कळूनही मतलब कळत नाही, हे दोन्ही तिथे रोजचे होते. संगणकाच्या खेळात हे पहिल्यांदा भेटले तेव्हा मी क्षणभर हात थांबवून नुसता ऐकत राहिलो.

या रचनेला सावरून धरते एक घड्याळ. खेळ हवा तिथे साठवून ठेवायची सोय नाही. त्याऐवजी घड्याळाचे काटे मागे फिरवता येतात आणि गाडी व्हिएन्नाहून म्युनिककडे, म्युनिकहून स्ट्रासबर्गकडे परत जाते. तुम्ही मारले गेलात किंवा पकडले गेलात तर घड्याळ आपोआप मागे फिरते, आणि नेमके तितकेच मागे, जिथून वाचणे अजून शक्य आहे. म्हणजे तुमची चूक कुठे झाली हे खेळाला माहीत असते, तुम्हाला ते शोधायचे असते.

या खेळाच्या अपयशाकडेही याच रीतीने पाहावे, असे मला वाटले. काटे मागे फिरवत जायचे आणि प्रत्येक थांब्यावर विचारायचे : इथून तो वाचला असता का?

३

पहिला थांबा, १९९७ चा वसंत.

खेळाविषयी जे थोडे लिहिले गेले आहे त्यात एक गोष्ट हटकून सांगितली जाते. ब्रोडरबंड या प्रकाशक कंपनीचा अख्खा विपणन विभाग खेळ बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी नोकरी सोडून गेला. जाहिरात जवळजवळ झालीच नाही. खेळाच्या सुमारे १ लाख प्रती खपल्या. खर्च भरून निघायला आणखी जवळपास १० लाख खपायला हव्या होत्या, असे सांगतात.

गोष्ट खरी आहे आणि चटका लावणारीही आहे. पण तिच्यावर थांबणे सोयीचे आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. जाहिरातीने दोन लाख प्रती खपल्या असत्या, तीन लाख खपल्या असत्या असे धरू. अकरा लाख? या जातीच्या शोधखेळांत तो पल्ला फार थोड्यांनी गाठला. याच ब्रोडरबंडने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मिस्ट’ पुढे साठ लाखांवर गेला आणि त्या आकड्याने साऱ्या धंद्याची नजर बिघडवली. ‘मिस्ट’मध्ये निर्मनुष्य बेट आहे, तुम्ही हवा तितका वेळ घ्या, कोडे तुमची वाट पाहील. ‘लास्ट एक्स्प्रेस’ नेमका त्याच्या उलट. ‘मिस्ट’चे गिऱ्हाईक या गाडीत चढले असते तर अर्ध्या तासात उतरले असते.

तेव्हा काटे आणखी मागे.

दुसरा थांबा, निर्मितीची वर्षे.

मेकनरने १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्मोकिंग कार प्रॉडक्शन्स’ हा स्टुडिओ काढला. सहलेखक होती टोमी पिअर्स, त्याची जुनी मैत्रीण. ‘प्रिन्स’मध्ये मारामारी हवीच असा हट्ट तिनेच धरला होता आणि तो बरोबर ठरला होता. सुरुवातीच्या अंदाजापेक्षा वेळही जास्त लागला आणि पैसाही. खर्च ५० ते ६० लाख डॉलरच्या घरात गेला. त्या काळच्या खेळासाठी ही रक्कम अवाढव्य होती.

पैसा गेला कुठे? मेकनरला १९१४ ची गाडी त्या काळातल्या भित्तिचित्रांसारखी दिसायला हवी होती : वळणदार काळी रेघ आणि सपाट रंग. ‘प्रिन्स’च्या वेळी त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले आणि त्या चित्रफितीवरून एकेक आकृती गिरवली होती. तेच तंत्र आता कारखान्याच्या प्रमाणावर वापरायचे होते. नटांना वेशभूषा करून, चेहऱ्यावर रेघा रंगवून निळ्या पडद्यापुढे उभे केले गेले. चित्रीकरण २२ दिवस चालले. मग संगणकाने त्या छायाचित्रांची रेखाचित्रे करायची. या पद्धतीचे त्यांनी पेटंटही घेतले. कल्पना अशी की कष्टाचे काम यंत्र करील. पण सुमारे ४० हजार चित्रांत रंग भरायला शेवटी माणसेच बसली. शिवाय गाडी खरी असावी म्हणून मंडळी अथेन्सच्या रेल्वे यार्डात पडून असलेल्या जुन्या शयनयानापर्यंत पोचली आणि डब्याची मापे, कड्या, दिवे तिथून आले. संगीत दिले एलिया च्मिराल या चेक संगीतकाराने.

मी प्रेसमधला माणूस आहे. एखादे काम यंत्राने सोपे होईल असे वाटते आणि शेवटी मुद्रितशोधक रात्री जागतो, हे मी जन्मभर पाहिले आहे. पण इथला पेच वेगळा आहे. स्टुडिओ आपले चित्र घोटत होता तेवढ्यात बाहेर खेळांची दृष्टीच बदलली. १९९६ मध्ये ‘क्वेक’ आणि ‘टूम रेडर’ आले. त्यांतली माणसे ठोकळ्यांची होती, पण ती कोणत्याही दिशेने वळत, धावत. ‘लास्ट एक्स्प्रेस’मधली माणसे रेखीव आहेत, पण ती सलग हलत नाहीत. एक चित्र विरते, दुसरे उमटते. मला ते जुन्या अल्बमची पाने उलटल्यासारखे वाटते आणि आवडते. १९९७ मध्ये नवी यंत्रे घेऊन बसलेल्या मुलाला ते अडखळणारे वाटले असेल, तर त्याला अरसिक म्हणण्याचा अधिकार मला नाही. खर्च कमी ठेवून खेळ दोन वर्षे आधी आला असता तर वाचला असता का? कदाचित तोटा कमी झाला असता. पण कमी चित्रे म्हणजे कमी पात्रे, कमी संभाषणे, रिकामी गाडी.

म्हणून तिसरा थांबा, मूळ कल्पना.

इथे पोचल्यावर मला दिसले की अपयशाचे बीज आणि खेळाचे मोठेपण यांचे मूळ एकच आहे. खेळ विकत घेणारा माणूस एक करार करत असतो : मी पैसे मोजले, आता आतले सगळे मला मिळाले पाहिजे. मेकनर आणि पिअर्स यांनी हजारो डॉलर खर्चून अशी संभाषणे लिहिली, चित्रित केली आणि रंगवली की जी बहुसंख्य खेळणाऱ्यांच्या कानांवर पडणारच नव्हती. आना वोल्फ आणि गूढ धनिक क्रोनोस यांची व्हायोलिन-पियानोची मैफल सुरू होते. श्रोते खुर्च्यांवर बसतात. आपण ऐकत बसावे, की सगळे इथे आहेत तेवढ्यात त्यांच्या रिकाम्या खोल्या धुंडाळाव्यात? दोन्ही एका वेळी होत नाही. मैफल मात्र पूर्ण लांबीची ठेवली आहे, कुणीही ऐकायला नसले तरी ती चालूच राहते.

हिशेबनीसाच्या दृष्टीने हा शुद्ध अपव्यय आहे. पण तो कापला तर उरते रेल्वेतल्या खुनाचे एक बरे कोडे. कादंबरीच्या वाचकाला हा अपव्यय ओळखीचा असतो. मोठ्या कादंबरीत पाहिले सगळे, पण लक्षात सगळे आले असे होत नाही, आणि म्हणून आपण ती दहा वर्षांनी पुन्हा उघडतो. फरक एवढाच की कादंबरीला हा अपव्यय कागदाच्या भावात पडतो आणि खेळाला चित्रपटाच्या भावात.

तेव्हा माझे उत्तर असे : वाचता येईल असा थांबाच या प्रवासात नव्हता. पहिल्या थांब्यावर वाचवले असते तर नुकसान थोडे कमी झाले असते. दुसऱ्यावर वाचवले असते तर खेळ वेगळा आणि लहान झाला असता. तिसऱ्यावर वाचवला असता तर तो झालाच नसता. ‘बाजार आंधळा होता’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. बाजाराने बऱ्यापैकी नीट पाहिले, आणि आपल्याला हे नको असे सांगितले.

४

पण विकले न जाणे आणि मिळेनासे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी इतकी वर्षे त्यांची गल्लत करत होतो.

खेळ पडल्यानंतर जे झाले ते असे. प्लेस्टेशनसाठीची आवृत्ती जवळजवळ तयार होती. ती ज्या कंपनीकडून येणार होती तिच्यातून सॉफ्टबँकेने अंग काढून घेतले आणि आवृत्ती रद्द झाली. १९९८ मध्ये ब्रोडरबंड ‘द लर्निंग कंपनी’ने विकत घेतली. नव्या मालकांना या खेळात रस नव्हता. आल्यापासून वर्षभरात खेळ दुकानांतून नाहीसा झाला. २००० च्या सुमारास ‘इंटरप्ले’ने हक्क घेऊन तो स्वस्तात पुन्हा काढला, पण लवकरच तीही कंपनी डबघाईला आली. २०११-१२ नंतर फ्रान्समधल्या ‘डॉटइमू’ने नव्या संगणकांसाठी आणि फोनसाठी तो पुन्हा आणला, म्हणून माझ्यासारख्याला मिळाला.

पहिल्या अपयशाला मी आता अन्याय म्हणत नाही. दुसऱ्याला म्हणतो. न खपलेले पुस्तक निदान एखाद्या नगर वाचनालयात धूळ खात असते आणि कुणा वेड्याच्या हाती लागते. खेळ चालायला त्या काळचे यंत्र लागते, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची मर्जी लागते. मधल्या वर्षांत हा खेळ ज्यांनी जपला त्यांत कायद्याने पाहता अनेक चोरही असणार. भिंतीवर उत्तरांची झेरॉक्स लावणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना मी यात निर्दोष ठरवत नाही. आमच्या फुकट खेळण्यातून पुढचा ‘प्रिन्स’ काढायला कुणाला दमडी मिळाली नाही. पण मेकनरचे नाव सत्तावीस वर्षे माझ्या डोक्यात राहिले तेही त्यामुळेच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यांची वजाबाकी करता येत नाही.

मेकनरने त्यानंतर काही काळ चित्रपटाकडे मोर्चा वळवला. २००३ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ आला. त्याची सुरुवात एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने होते, आणि लुटीत राजपुत्राला वेळ मागे फिरवणारा खंजीर मिळतो. उडी चुकली, खाली पडलात, तर काही क्षण मागे जा आणि पुन्हा उडी मारा. हा खेळ गाजला. ‘लास्ट एक्स्प्रेस’चे घड्याळ इथे पुन्हा दिसते, पण त्याचे काम बदलले आहे. तिथे मागे जायचे ते काय ऐकायचे राहिले ते ऐकायला. इथे मागे जायचे ते हात चुकला तो सुधारायला. लोकांना दुसरे घड्याळ हवे होते. बाजारात टिकायचे तर कल्पनेला किती सोलून घ्यावे लागते, याचा इतका स्पष्ट नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

५

प्रेमात पडलेल्या समीक्षकाने दोषही सांगायला हवेत. मधूनमधून येणाऱ्या मारामाऱ्या म्हणजे अचूक क्षणी बटण दाबण्याची कसरत आहे, आणि ज्याला कान देऊन ऐकायला शिकवले त्याला अचानक ठोसे चुकवायला लावणे बेसूर वाटते. काही वेळा करण्याजोगे काहीच नसते, बोळात ताटकळत उभे राहावे लागते. मोठा दोष पूर्वेच्या चित्रणात आहे. श्मिट किंवा आना यांना मन आहे, लोभ आहे, पेच आहेत. गाडीतला जनाना आणि क्रोनोसचा डबा मात्र सजावटीसारखा येतो, जणू शेवटच्या स्टेशनाची ती आगाऊ जाहिरात.

तिसऱ्यांदा खेळताना मला आणखी एक अनुपस्थिती जाणवली. गाडी कॉन्स्टँटिनोपलकडे धावत असते तेव्हा, जुलै १९१४ मध्ये, लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात येऊन जेमतेम सव्वा महिना झाला होता. सातारा-रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरे पलटणीत होती. गाडीतले प्रवासी ज्या युद्धाकडे चालले होते त्याचे बोलावणे या पोरांनाही यायचे होते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात तुर्कांशी लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण आल्यावर त्यांतले कित्येक कैदी म्हणून तुर्कस्तानाकडे पायी हाकले गेले. त्यांना कुणी शयनयान दिले नव्हते. साताऱ्याजवळच्या खेड्यांतून ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले’ अशा पाट्या आजही दिसतात. मेकनरने त्यांना गाडीत बसवायला हवे होते असे मी म्हणत नाही. ओरिएंट एक्स्प्रेसचे तिकीट त्यांच्यासाठी नव्हते, आणि खेळ तिकीटवाल्यांचा आहे. पण जो खेळ मला शिकवतो की तू इथे ऐकत असताना दुसरीकडे काही घडते आहे, तो मला गाडीच्या बाहेर घडणाऱ्याकडेही कान द्यायला शिकवतो. हे त्याच्या कर्त्यांनी योजले असेल वा नसेल.

घड्याळाची शेवटची गोम इथेच आहे. तुम्ही खुनाचा छडा लावू शकता, फायरबर्ड परत मिळवू शकता, आनाचा जीव वाचवू शकता. काटे कितीही फिरवा, २८ जुलैची युद्धघोषणा मात्र टळत नाही. खेळाने तेवढी मुभा दिलेली नाही. त्या आठवड्याचे अभ्यासक शंभर वर्षे काटे मागे नेत आले आहेत : ते पत्र जरा सौम्य असते तर, रशियाने थोडा दम धरला असता तर. मीही या लेखात एका खेळासाठी तेच केले. माझ्या चाळींच्या पुस्तकासाठी ते करायचे अजून बाकी आहे. प्रकाशकाला दोष देणे हा त्यातला फक्त पहिला थांबा होता, एवढे आता कळते. पुस्तकातली दोन प्रकरणे मी घाईत लिहिली होती, हा दुसरा थांबा असणार.

चौथ्यांदा खेळायला घेतला आहे. रिबेका नॉर्टन नावाची इंग्लिश तरुणी प्रवासात डायरी लिहिते. ती जेवायला गेली की तिच्या खोलीत शिरून चोरून वाचता येते, पण तेवढ्या वेळात जेवणाच्या डब्यातले बोलणे हुकते. आजवर प्रत्येक वेळी मी जेवणाच्या डब्यात बसलो. या दिवाळीत डायरी वाचणार आहे.